आधी श्वास, मग पाऊल

कडाव,
२३ फेब्रुवारी २०२५

समिधा,

माझं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधी सांगून टाकते, घरात सगळे ठणठणीत आहेत. गाय व्यायली, कालवड झाली. पत्र लिहायचं कारण एवढंच, की घरातला फोन धनेशच्या खिशात असतो आणि मला त्यावर आता नुसती घूंघूं ऐकू येते. शिवाय जे सांगायचं आहे ते धनेशला कळायला नको. साईनाथ रोज दुधाचा टेंपो घेऊन तुमच्या खालापूरकडे येतो, त्याच्या हाती हे देते. तुझ्या आईलाही दाखवू नकोस. पदू माझी सख्खी बहीण असली तरी तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

गेल्या आवणीत भात लावताना काय झालं ते तुला तिच्याकडून तिखटमीठ लावून कळलं असेलच. खरं काय ते मी सांगते. आमच्याकडे भाताची पहिली मूठ घरातली मोठी बाई लावते आणि पहिली पातही तीच धरते. ती जशी मागे मागे सरकेल तशी बाकीच्या बायकांची ओळ सरकते. सासूबाई गेल्यापासून ती पात माझी. गेल्या आवणीच्या आधी थंडीत मला न्यूमोनिया होऊन गेला होता, दम पूर्वीचा राहिला नव्हता, पण सांगते कोणाला? अर्ध्या खाचरात छातीत हवा मावेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी हातातल्या रोपांसकट चिखलात तोंडघशी. धनेशने मला तान्ह्या पोरासारखं उचलून बांधावर आणलं. सगळ्यांच्या देखत. शेजारची जना अजूनही ती गोष्ट हातवारे करून सांगते.

तेव्हापासून धनेशसाठी आई म्हणजे काचेचं भांडं झालंय. कर्जतच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय बरं आहे, फुप्फुसं बरी आहेत, हलका व्यायाम करून दम वाढवा, म्हणाले. धनेशच्या डोक्यात मात्र एकच. "यंदा लावणीचं यंत्र आणायचं. आई ओटीवरनं बघंल." मला ओटीवरून बघायचं नाही. मला माझी पात परत हवी आहे.

सूनबाईच्या, हर्षलाच्या भावाच्या लग्नात तू पंगतीत सांगत होतीस, की बंगल्यांवर येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना तू श्वासावर चालणारा योग शिकवतेस. एका आसनातून दुसऱ्यात, न तुटता, वाहत जायचं म्हणालीस. मला अर्धंमुर्धंच ऐकू आलं, पण मनात बसलं. ते मला पत्रातून शिकव. आवणीला अजून चार महिने आहेत.

तुझी शकूमावशी


खालापूर,
२ मार्च २०२५

प्रिय मावशी,

साईनाथदादा पत्र घेऊन आले तेव्हा मी चौक गावातल्या बंगल्यावरचा पहाटेचा वर्ग उरकून नुकती घरात शिरले होते आणि एका हाताने डबा भरत दुसऱ्या हाताने आईच्या गोळ्या काढत होते आणि कंपनीची बस यायची वेळ झाली होती, त्यामुळे पत्र बसमध्ये वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं आणि आज रविवार म्हणून उत्तर लिहितेय, तेही मध्ये मध्ये उठून कपडे वाळत घालत, तर उशिराबद्दल रागावू नकोस. आईने विचारलंच, कुणाचं पत्र? मी म्हटलं, मावशीने लोणच्याची कृती विचारलीय. तिच्या तोंडावरून ते पटलेलं दिसलं नाही, कारण लोणचं ती तुझ्याकडूनच शिकलीय.

डॉक्टरांनी हो म्हटलंय हे वाचून बरं वाटलं. आता नीट वाच. एरवी आपण काय करतो? आधी अंग हलवतो आणि श्वास बिचारा मागून धापा टाकत येतो. इथे उलटं. श्वास पुढे चालतो आणि अंग त्याच्या मागून जातं. श्वास सुरू झाला की हालचाल सुरू, श्वास संपला की हालचाल संपली. श्वास आखूड असेल तर हालचालही छोटी, त्यात कमीपणा नाही. अंग उघडताना श्वास आत घ्यायचा, अंग मिटताना बाहेर सोडायचा. बाकी सगळं यातूनच निघतं.

सकाळी पोट रिकामं असताना चटईवर तळहात आणि गुडघे टेकून गाईसारखी उभी राहा. श्वास घेत घेत छाती पुढे काढ, पोट खाली सैल सोड, नजर समोर. श्वास सोडत सोडत पाठ चिडलेल्या मांजरासारखी वर कमानीत ने, हनुवटी छातीकडे. असं थोडा वेळ, जिवाला बरं वाटेल तेवढंच. मग टाचांवर बस, पुढे वाकून कपाळ उशीवर टेक आणि पडून राहा. नावं पाठ करू नकोस. आत्ता एवढंच.

तुझी समिधा


कडाव,
१६ मार्च २०२५

समिधा,

तुझं पत्र वाचताना मलाच धाप लागली. एका दमात इतकी कामं करणारी पोरगी मला दम शिकवणार! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

असो. धनेश सकाळच्या गाडीने कामाला गेला की मी गोठ्याच्या पडवीत चटई टाकते. पहिल्या दिवशी गाईसारखी उभी राहिले तर खरी गाय मान वळवून बघायला लागली, आणि कालवड तर दावं ताणून माझ्याकडेच यायला निघाली. पण जमलं बरं का. तू लिहिलंस त्याच्या दुप्पट करते. मी माझी युक्तीही काढली आहे. गवताचा भारा डोक्यावर घेताना आपण करतो ना, तसा छातीत दम धरायचा, दात आवळायचे आणि पाठ धडाधड वरखाली करायची, मग एकदम सोडायचं. दम वाढवायचा तर दम धरायला नको का? दोनतीनदा उठताना अंधारी आली, पण भिंत धरली आणि गेली. ते सोड. आता पुढचं पाठव. मांजर आणि गाय करून चिखलात उभं राहता येत नाही.

मावशी


खालापूर,
१९ मार्च २०२५

मावशी,

तुझी ती युक्ती आजच्या आज बंद कर. साईनाथदादांना मी टेंपो थांबवून ठेवायला लावलाय आणि दारात उभ्याउभ्याच लिहितेय.

ओझं उचलताना दम धरला की क्षणभर कणा ताठ राहतो, म्हणून तुम्हा सगळ्या जणींना ती सवय लागलीय. पण भारा एकदाच उचलायचा असतो. आवणी दिवसभर चालते. दिवसभर कोणी दम धरून जगतं का? मला वाटतं, गेल्या वर्षी तू पडलीस ती नुसती न्यूमोनियाने नाही. तू चिखलात वाकलीस तीच भारा उचलल्यासारखी, दात आवळून. तुझी जिद्द जबड्यात असते, मावशी. ती थोडी खाली उतरू दे.

अंधारी येणं ही "ते सोड" म्हणायची गोष्ट नाही. पुन्हा आली तर थेट डॉक्टर, आणि मग मी स्वतः धनेशदादाला फोन करेन.

आता एक कर. श्वास सोडताना तोंड मिटून 'हं' असा आवाज काढ, भुंग्यासारखा, सावकाश. आवाज चालू आहे तोवर श्वास कोंडलेला नाही. आवाज संपला की आपोआप श्वास आत येईल, त्याच्याबरोबर छाती उघड. ओढून घेऊ नकोस, त्याला येऊ दे. आणि दुप्पट नाही, निम्मं. पी हळद आणि हो गोरी असं इथे होत नाही.

समिधा


कडाव,
१३ एप्रिल २०२५

समिधा,

तुझा राग पोचला. मी चारपाच दिवस रुसून काहीच केलं नाही. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि जबड्याला हात लावून बघितला. दगडासारखा होता. बसल्या जागी, ताक घुसळताना!

मग 'हं' करून पाहिलं. मला माझा आवाज कानाने नीट ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तो छातीत लागतो गं. हाडांत घुमतो. कान असे झाल्यापासून घरातलं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं, मी नुसती तोंडं बघत बसते. आणि हा एक आवाज असा, की जो मला सगळाच्या सगळा मिळतो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. डोळे पुसले आणि पुन्हा केलं.

भानगड अशी झाली, की मला ऐकू येत नसल्यामुळे आवाज केवढा निघतो ते कळेना. हर्षला स्वयंपाकघरातून हातात उलथणं घेऊन धावत आली. "आई, पोटात दुखतंय का? शेजारून ह्यांना फोन लावू?" मी म्हटलं, देवाचं म्हणतेय. ती दारात उभी राहून बघत राहिली. तेव्हापासून रोज या वेळेला काही ना काही निमित्त काढून दारात येते, मुकादमासारखी. सून चांगली आहे, पण नवऱ्याला सांगितल्याशिवाय राहील असं वाटत नाही.

बदल म्हणशील तर, झोप सलग लागते. दूध घालायला डेअरीचा चढ चढताना पूर्वी चिंचेखाली टेकावं लागायचं, आता टेकत नाही. अंधारी पुन्हा आली नाही. आणि तो मघाचा जबडा आता दिवसातून कितीदा तरी माझा मलाच सापडतो, मग सोडते.

पण धनेशने यंत्र ठरवलं. म्हणजे वेळ कमी आहे. आता उभ्याने करायचं पाठव.

मावशी


खालापूर,
२० एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

बसमध्ये तुझं पत्र वाचून माझे डोळे भरले आणि शेजारच्या तस्लीमने विचारलं, घरी सगळं ठीक ना? तिला तुझी सगळी गोष्ट सांगितली, तिचं गाव तुमच्या बाजूचं नाही, त्यामुळे बाहेर फुटणार नाही. आता ती रोज विचारते, मावशींचं काय झालं?

आता उभ्याने. पलंगाच्या कडेला उभी राहा, पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे सैल. श्वास घेत हात बाजूने वर. 'हं' करत कमरेतून वाक आणि हात पलंगावर टेक. आता श्वास आत येईल, त्याच्याबरोबर फक्त अर्धी उठ, पाठ सपाट, छाती पुढे, नजर समोर. पूर्ण उभं राहायचं नाही. श्वास सोडत पुन्हा खाली आणि त्याच श्वासात उजवा पाय एक पाऊल मागे. श्वास घेत अर्धी उठ. सोडत डावा पाय मागे. मग तसंच पुढे ये आणि शेवटी श्वास घेत सावकाश उभी राहा. कुठेही धक्का नाही, एका श्वासाचं शेपूट दुसऱ्याच्या हातात.

आता डोळे मिटून सांग, हे कशासारखं आहे? वाकायचं, अर्धं उठायचं, पाऊल मागे. आवणीत तू हेच करतेस. फक्त ते मधलं अर्धं उठणं तुम्ही गाळता, डोकं खाली घातलं की खालीच. त्या अर्ध्या उठण्यात छातीला जागा मिळते.

आणि एक अट. श्वास तुटला, म्हणजे आखूड झाला, तोंडाने घ्यावा लागला, तर तिथल्या तिथे थांबायचं. पुरं उभं राहायचं आणि तो परत येईपर्यंत वाट बघायची. घरातही आणि खाचरातही, सगळ्यांच्या देखत. हे कबूल कर, तरच पुढचं शिकवेन.

समिधा


कडाव,
४ मे २०२५

समिधा,

पदूने घात केला. माझं पत्र तिच्या हाती लागलं असणार. तिने धनेशला फोनवर विचारलं, "आईचा योग कसा काय चाललाय रं?" संध्याकाळी तो घरी आला तो दारातूनच सुरू झाला. मला ऐकू येत नाही म्हणून इतक्या मोठ्याने बोलला, की पलीकडच्या आळीतली माणसं बाहेर आली.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाय तुझा! परत पडायचंय का तुला? तुला उचलून आणली तवा माझं काय झालं हुतं, ठाव हाय?"

मी म्हटलं, "यंत्र तुझं घाल मोठ्या खाचरांत. ओहोळाजवळचं लहानगं खाचर हाय, तिथं चिखल खोल. तुझं यंत्र तिथं रुतंल. ते माझं."

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं. पण पडलीस तर परत कधी शेतात पाय टाकायचा नाय. जन्मात नाय." मी हो म्हटलं. म्हणजे आता सगळं त्या एका खाचरावर आलं. तिथे पडले तर संपलं.

आता तुझ्या अटीचं. ती मला मान्य नाही. पहिली पात धरणारी बाई थांबत नसते. सासूबाई तापात कधी थांबल्या नाहीत. मी थांबले की मागची सगळी ओळ थांबणार, जना तोंडाला पदर लावणार, आणि बांधावर उभा असलेला धनेश समजायचं ते समजणार. माझ्यासाठी थांबणं म्हणजे पडणंच. तुला शिकवायचं नसेल तर राहू दे. जेवढं आलं तेवढ्यावर मी उतरेन.

शकूमावशी


खालापूर,
२५ मे २०२५

प्रिय मावशी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल मी फुगून बसले. तसं नाही.

गेल्या शनिवारी चौकला वर्ग चालू होता. मी पुढे उभी, श्वास घ्या, श्वास सोडा सांगत होते. सांगता सांगता लक्षात आलं, की माझा स्वतःचा श्वास कुठे आहे तेच मला ठाऊक नाही. घाम फुटला. कित्येक महिन्यांत मी स्वतःसाठी चटईवर उतरले नव्हते, मावशी. दुसऱ्यांना सांगत होते आणि पळत होते. तुझा कोरडा पाषाण तो हाच.

मी खाली बसले. सगळ्यांसमोर, वर्गाच्या मध्यावर. मनात म्हटलं, गेलं आपलं काम. डोळे उघडून पाहते तर समोरचे सगळे पाहुणे आपापल्या चटईवर खाली बसले होते, डोळे मिटून. त्यांना वाटलं, आता बसायचं आहे. बराच वेळ आम्ही सगळे नुसते बसून होतो. मग माझा श्वास आला आणि मी उठले, तेही उठले. निघताना एक बाई म्हणाल्या, आजचा वर्ग सगळ्यात चांगला झाला.

म्हणून सांगते. पडताना आपल्या हातात काही नसतं. थांबणं आपण करतो. मला हे फार उशिरा कळलं, तुला चिखलात उतरण्याआधी कळावं एवढंच वाटतं. अट मी मागे घेत नाही, पण शिकवणंही सोडत नाही. तू धनेशदादाची गाडी गेली की चटई टाकतेस ना, मीही आता त्याच वेळेला टाकते. पहाटेचे दोन वर्ग सोडून दिले. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, श्वास घेतेय.

पाऊस यंदा मेमध्येच येऊन बसलाय. तुमच्या रोपांचं कसं?

तुझी समिधा


कडाव,
१५ जून २०२५

समिधा,

एवढं झालं आणि ते तू पत्राच्या मध्यात लिहितेस? वर्ग सोडलेस ते छान केलंस. पदूला सांग, मावशीने दृष्ट काढायला सांगितली आहे.

रोपं यंदा जरा पिवळट आहेत, पाऊस लवकर आला ना, पण धरतील.

हर्षलाची गोष्ट सांगायची राहिली. मागच्या महिन्याअखेर मी चटईवर असताना ती पुन्हा दारात. मी वैतागून म्हटलं, "काय गं, तुझ्या नवऱ्याला सगळं समजलंय, आता कशाला पहारा देतेस?" ती लाजली. आत गेली आणि तिची चटई घेऊन आली! बाळंतपणापासून तिची कंबर धरते, कोणाला बोलली नव्हती. दारात उभी राहून ती पहारा देत नव्हती, शिकत होती, आणि दुपारी मी झोपले की खोलीत करून बघत होती. मी तिला मुकादम म्हणत होते. माणूस ओळखण्यात मी कच्ची ती कच्चीच.

आता आम्ही दोघी करतो. ती 'हं' करते ते मला ऐकू येत नाही, पण तिचा हात माझ्या पाठीवर असला की कळतं. पलंग सोडून आता अंगणातल्या चिखलात करतो. अर्धं उठणं जमलं आहे, अगदी पाऊल मागे जातं तेव्हाच छाती उघडते. रस्त्याने जाणारी जना थांबून म्हणाली, "सासूसुना पिसाळल्या!"

अटीचं अजून मनातून जात नाही. बघू.

मावशी


खालापूर,
२९ जून २०२५

प्रिय मावशी,

कंपनी आवणीच्या आठवड्यात रजा देत नाही, मी येऊ शकत नाही. आता शिकवण्यासारखंही काही उरलं नाही. गुडघे सैल, जबडा सैल, आधी श्वास, मग पाऊल. त्या दिवशी सकाळी मी इथे चटई टाकून बसेन.

'बघू' तर बघू.

समिधा


कडाव,
१३ जुलै २०२५

समिधा,

हात अजून सुजलेले आहेत, अक्षर वेडंवाकडं येईल, चालवून घे.

मोठी खाचरं यंत्राने झाली. ओहोळाजवळच्या खाचरात आम्ही पाच जणी उतरलो. मी, हर्षला, जना आणि आळीतल्या दोघी. धनेश रजा टाकून बांधावर उभा, पँट इस्त्रीची, डोळे माझ्यावर. मी पहिली मूठ लावली, हात जोडले आणि पात धरली.

काय सांगू तुला, निम्मं खाचर कसं गेलं ते कळलंच नाही. 'हं' करत वाकायचं, रोपं लावायची, श्वास येईल तसं अर्धं उठायचं आणि पाऊल मागे. वरून सरी येत होत्या, ओहोळ भरून चाललेला, मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. माझा श्वास तेवढा छातीत घुमत होता आणि पाय आपोआप मागे जात होते. इतक्या वर्षांत आवणी करताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. नेहमी मी ती संपवायला करायचे.

मग खोल चिखल लागला. गेल्या वर्षी पडले त्याच्या आसपासच. पाय निघेना. जोर लावला, आणि जबडा गच्च झाला, दम छातीत कोंडला. सवय ती! दुसरं पाऊल, तिसरं पाऊल, आणि श्वास तुटला. तोंडाने हवा ओढायला लागले. डोकं खाली, रोपं लावतेच आहे. मनात सासूबाई, जनाचा पदर, बांधावरची ती इस्त्रीची पँट. आणखी थोडं रेटलं की खोल भाग संपणार होता.

तेव्हा मला तू दिसलीस. वर्गाच्या मध्यावर खाली बसलेली.

मी थांबले. पुरी उभी राहिले, हात मांड्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. ओळ थांबली. डोळे उघडते तर धनेश बांधावरून उडी मारून चिखल तुडवत माझ्याकडे धावतोय, तोंड पांढरंफटक. मी हात वर केला.

"मी पडले नाय रं. थांबलेय."

तो जागच्या जागी उभा राहिला, गुडघाभर चिखलात. मला उचलायला पुढे केलेले हात तसेच. मी त्याच्याकडे बघत सावकाश 'हं' केलं. पुन्हा केलं. तो माझ्या छातीकडे बघत होता, ती वर येते, खाली जाते. त्याचे खांदे हळूहळू उतरले. गेल्या वर्षी त्याच्या जिवाचं काय झालं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्याच्या ओरडण्यातून कधी कळलं नव्हतं.

आणि जना! मी मनात म्हटलं, आता हसणार. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले, पाठ मागे ताणली आणि इतक्या मोठ्याने बोलली, की मलासुद्धा ऐकू आलं. "बरं झालं गं बाई थांबलीस! माझी कंबर कवाची मोडलेय. तू कदी थांबतच नायस, मग आमी कसं थांबायचं?"

समिधा, वर्षानुवर्षं मी पुढे पळत होते आणि मला वाटत होतं, माझ्या मागे सगळ्या जोमाने येताहेत. त्या बिचाऱ्या माझ्या थांबण्याची वाट बघत होत्या. मला खूप वाईट वाटलं आणि त्याच वेळी हसूही आलं. आम्ही पाचही जणी त्या चिखलात उभ्या राहून हसलो. पाऊस तोंडावर घेतला. मग माझा श्वास परत आला, त्याचा तो आला, मी ओढला नाही.

धनेश अजून तिथेच. मी त्याच्या हातात रोपांची एक जुडी दिली. म्हटलं, "उतरलायस तर लाव." शाळेत असताना शेवटची रोपं लावली होती त्याने. हर्षलाच्या शेजारी उभा राहून लावू लागला, वाकड्यातिकड्या ओळी. तिच्या ओठांवरून मला कळलं, ती त्याला सांगत होती, "अवो, दम धरू नका, सोडा." मी पात धरली. त्यानंतर दोनदा थांबले. जिथे थांबले तिथे ओळ थांबली, आणि सगळ्यांनी कंबर सरळ केली.

खाचर पुरं झालं. शेवटची मूठ लावून मी बांधावर माझ्या पायांनी चढले. धनेश मागून येत होता, हात पुढे करत होता आणि परत घेत होता. घरी आल्यावर त्याने स्वतः माझे पाय धुतले. म्हणाला, "फुडल्या साली यंत्र मोठ्याच खाचरांत घालू." एवढंच म्हणाला.

आज सकाळी अंग ठणकत होतं. तरी चटई टाकली, अगदी थोडं केलं, गाय आणि मांजर. हर्षलाही होती.

तुझी अट मी पाळली. आता माझी एक अट तू पाळ. तू आता कुठे कुठे थांबतेस ते मला प्रत्येक पत्रात लिहायचं. आणि खाचराबाहेर ओहोळाच्या कडेला एक वाफा मी मुद्दाम रिकामा ठेवलाय, रोपंही राखून ठेवली आहेत. कंपनीला सांग, मावशीने बोलावलंय. तस्लीमलाही घेऊन ये.

तुझी,
शकूमावशी